तीन लेन्स आणि बाथरूमची भिंत

सोमवार, ३ फेब्रुवारी

लेकीनं पाठवलेला कॅमेरा आज आला. म्हणजे नुसतं धड, तोंड नाही. तिनं स्वतःला नवा घेतला आणि जुना बापाला दिला. लेन्स नव्यालाही चालते म्हणून ती मात्र ठेवून घेतली. फोनवर म्हणाली, "बाबा, आता रिटायर झालात, दिवसभर आईच्या मागे लागाल. त्यापेक्षा फोटो काढा. दर रविवारी मला आईचा एक फोटो पाहिजे. लेन्स कुठली घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगितली तर जन्मभर माझ्या नावानं खडे फोडाल."

पोरगी बापाला ओळखून आहे.

कामावरच्या लोकांनी निरोपाला दिलेलं पाकीट कपाटात तसंच पडलंय. बायकोला म्हटलं, त्यातून लेन्स घेऊ का. ती म्हणाली, "त्यात बसेल ती एक घ्या. दुसरी आणलीत तर ती तुमच्या ताटात वाढीन."

बांधकामावर सुपरवायझर होतो तेव्हा रोज डायरी लिहायचो. किती माणसं आली, किती सिमेंट लागलं, कुठली भिंत कुठपर्यंत चढली. ती सवय सुटत नाही म्हणून ही वही. आज माणसं दोन, दोन्ही हजर.

बुधवार, ५ फेब्रुवारी

जुने कॅमेरे विकणाऱ्या माणसाकडे गेलो. जिन्याखालची अरुंद खोली, तिन्ही भिंतींना काचेची कपाटं, मधे जेमतेम एक गिऱ्हाईक उभं राहील एवढी जागा. चष्मा कपाळावर चढवून बसलेला असतो आणि तोच शोधत असतो.

त्यानं विचारलं, "फोटो कशाचे काढणार?"

म्हटलं, "सगळ्याचे."

"सगळे असंच म्हणतात. तुम्हाला रोज काय दिसतं ते सांगा."

"बायको, घर, गच्ची, खालचा रस्ता."

"मग तेवढ्यासाठीच घ्या. वाघ दिसला तर मोठी लेन्स माझ्याकडून भाड्यानं न्या."

पाकिटात बसतील अशा तीन त्यानं काढल्या, तिन्ही वापरलेल्या. पन्नास मिलिमीटरची चेहऱ्याला उत्तम, पण घरात तिला जागा पुरत नाही, मागे मागे सरकावं लागतं. झूम लांबचं-जवळचं सगळं घेते, पण उजेड कमी झाला की रडते. पस्तीसची आपल्या डोळ्यांना सहज दिसतं साधारण तेवढंच घेते, ना जास्त ना कमी. तिन्हींत ती स्वस्त, कारण पुढच्या काचेवर कडेला ओरखडा आहे. मी नाक मुरडलं. तो म्हणाला, "पुढचा ओरखडा फोटोत येत नाही. मागची काच तेवढी सांभाळायची. तिथे काही झालं की चित्रच बिघडतं."

खराब माल खपवायची ही पद्धत मला नवी नाही. विटांच्या गाड्या मी आयुष्यभर उतरवून घेतल्यात. पण माणूस व्यवहाराला सरळ वाटला. अनामत ठेवा, एकेक घरी न्या, पटली नाही तर परत आणा म्हणाला. पन्नासची घेऊन आलो.

रविवार, ९ फेब्रुवारी

बायकोचा खिडकीतला फोटो छान आला. पण ती आणि टेबल दोन्ही मावायला मला पॅसेजमध्ये, संडासाच्या दाराला पाठ टेकून उभं राहावं लागलं. तिला हसू आवरेना, त्यामुळे फोटो आणखी बरा आला.

आता खरी परीक्षा. लेकीनं सांगितलं होतं, सरळ रेघांच्या भिंतीचा फोटो काढा, लेन्स वाईट असली की रेघा वाकतात. घरात सरळ अशी एकच गोष्ट आहे असं बायको म्हणते, ती म्हणजे बाथरूमची टाइल्सची भिंत. ती मी स्वतः उभा राहून, ओळंबा आणि पाणसळ लावून बसवून घेतली आहे. तिचा फोटो काढला, मोठा छापून आणला आणि तपासणीला बायकोपुढे ठेवला.

इथे नोंद करून ठेवतो. बायको कापडगिरणीत तपासनीस होती. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि एक धागा तुटलेला असला तरी हिचा हात आपोआप वर व्हायचा. हिनं नापास केलेला तागा मालकानंही कधी पास केला नाही. धागे मोजायचं घडीचं भिंग अजून तिच्या शिवणाच्या डब्यात आहे. काहीही तपासायचं तर डावा डोळा मिटून उजव्यानं बघणार, हातात भिंग असो वा नसो. मला रागावतानाही तिचा डावा डोळा बारीक होतो. तेव्हा या घरात डोळा म्हणजे तिचा. मला चष्मा काढला तर मीठ आणि साखर सारखीच.

तिनं फोटो हातभर लांब धरला, डावा डोळा मिटला. म्हणाली, "मधे वाकलीय रेघ." आणि मधल्यापासून थोडं उजवीकडे पेन्सिलीनं गोल केला. "टाइल वाकडी आहे की लेन्स?"

"टाइल मी बसवून घेतलीय."

"मग लेन्स."

मला काही दिसलं नाही, पण तपासनीसबाईंनी नापास केलं म्हणजे नापास. नंतर चहा ओतताना तिनं धार कपाच्या बाहेर सोडली आणि वर मलाच विचारलं, कप कोणी सरकवला. मी हातही लावला नव्हता.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

झूम आणली. एकाच जागी उभं राहून बायको, गच्ची, समोरच्यांची वाळत घातलेली चादर, सगळं टिपलं. मजा आली. पण दिवेलागणीला स्वयंपाकघरात काढलेले फोटो पार हलले. बायको पोळ्या लाटत होती, तिला तीन हात आले.

भिंतीचा फोटो छापून आणला. तिनं बघितला, गोल केला. "हिच्यातही वाकलीय. तिथेच."

म्हटलं, "नीट बघ."

"मला शिकवू नका."

नाही शिकवत. माझ्या शर्टाचं बटण तिनं काल लावलं, ते काजापासून बोटभर खाली लागलंय. मी तो शर्ट घालून दुकानात गेलो आणि अर्धा वेळ पोटावर हात ठेवून उभा होतो. हिला असली ढिलाई आवडत नाही, दुसऱ्यानं केली तर. घरी येऊन सांगितलं तर म्हणाली, सुईत दोरा तुम्हीच ओवून द्या हल्ली, तेवढाच तुम्हाला उद्योग. दिला ओवून.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

पस्तीसची मला आवडली. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहायला जीवावर आलंय.

ही लावली की कॅमेरा डोळ्याला लावल्यासारखा वाटतच नाही. जिथे उभा आहे तिथून जे दिसतं तेच येतं. बायको टेबलाशी वाटाणे सोलत होती. ती, टेबल, मागची खिडकी, सगळं बसलं. उजेड कमी होता तरी हललं नाही. ओरखडा कुठे दिसला नाही. लेन्सवाला खरं बोलत होता म्हणायचं.

आणि बाईसाहेबांनी तिलाही नापास केलं. "रेघ वाकलीय. शिवाय मधे डाग आहे, ओल्या बोटानं पुसल्यासारखा." भिंग लावूनही बघितलं, तरी तेच. कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

मी म्हटलं, "अगं, पण चेहरे किती छान येतात हिच्यात."

"चेहऱ्यात खपून जातं हो. सरळ रेघेत लबाडी चालत नाही."

हे वाक्य मीच तिला कधीतरी ऐकवलेलं, गवंड्यांबद्दल. ती वर्तमानपत्रही अर्ध्यात ठेवून देते हल्ली. म्हणते, छपाई बिघडलीय, अक्षरं एकमेकांत शिरतात. मला तर ठीक वाटते छपाई. पण नजर तिची आहे, माझी नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

दुकानात भांडण केलं. तिन्ही छापील फोटो त्याच्यापुढे आपटले. म्हटलं, "तीन दिल्या, तिन्ही वाकड्या. माल बघून ठेवता की किलोवर घेता?"

त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि फोटो शांतपणे बघितले. मग पोलादी पट्टी आणून रेघांवर ठेवली. म्हणाला, "रेघा सरळ आहेत, काका."

"माझ्या बायकोला वाकड्या दिसतात."

"लेन्स रेघ वाकवते ती कडेला. मधे नाही. आणि तीन वेगळ्या लेन्सना एकाच जागी एकच दोष? असं मी कधी बघितलं नाही." मग जरा थांबून म्हणाला, "वहिनींना एकदा इथे घेऊन या ना."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "तिनं आयुष्यभर कापड तपासलंय. तुमचं दुकान दाखवायला तिला इथवर आणू?" अनामत परत मागितली. त्यानं मुकाट्यानं दिली. बाहेर पडताना म्हणाला, "पस्तीसची बाजूला ठेवतो, कोणाला देत नाही."

घरी येऊन तिला सगळं सांगितलं, तर ती माझ्यावरच भडकली. "पट्टी लावली त्यानं? मग सरळच असणार. पट्टी कशाला खोटं बोलेल?" आणि लगेच, "पण मला तर वाकडी दिसते." असं म्हणून फोटो उचलून कपाटात कोंबले.

रविवार, २३ फेब्रुवारी

फोटो नाही. लेन्सच नाही तर काय काढणार. लेकीनं संध्याकाळी विचारलं, तेव्हा मी सांगून टाकलं की तुझ्या कॅमेऱ्यातच खोट आहे. ती रुसली. बायको माझ्याशी बोलत नाही, मी लेन्सवाल्याशी बोलत नाही, लेक आमच्या दोघांशी बोलत नाही. एका कॅमेऱ्यानं बरंच काम केलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

शेजाऱ्यांकडे फळी बसवायची होती, म्हणून माझी पाणसळ काढली, पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी. माती बसली होती, बरोबर दाखवते की नाही याची खात्री नव्हती. अशा वेळी एकच करायचं असतं. ती फळीवर ठेवायची, बुडबुडा कुठे आहे बघायचं, मग तिथल्या तिथे फिरवून डावं टोक उजवीकडे करून ठेवायची. फळी उतरती असेल तर बुडबुडा फळीच्या त्याच टोकाकडे राहतो. पाणसळच खोटी असेल तर बुडबुडा पाणसळीबरोबर फिरतो. दोष कोणाचा, हे उलटं करून बघितल्याशिवाय कळत नाही. नवीन पोरांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवायचो.

शेजाऱ्यांकडे फळी लावता लावता ते डोक्यात बसलं. घरी आलो, कपाटातून पस्तीसच्या लेन्सचा फोटो काढला. तिनं केलेला गोल मधल्यापासून उजवीकडे होता. मी कागद उलटा केला, गोल डावीकडे गेला. तिच्या हातात दिला. "बघ जरा, रेघ कुठे वाकलीय?"

"परत तेच का?"

"बघ ना."

तिनं डावा डोळा मिटला. बोट ठेवलं ते उजवीकडे. "इथे."

"आणि हा डावीकडचा गोल?"

"इथे तर सरळ आहे." ती थबकली. "हा गोल मीच केला होता ना?"

मी हात धरून तिला बाथरूममध्ये नेलं. भिंतीसमोर उभी केली आणि म्हटलं, ही बघ. फोटो नाही, लेन्स नाही, खुद्द भिंत. तिनं सवयीनं डावा मिटला. बराच वेळ बघत राहिली.

"अहो, वाकलीय की."

"आता उजवा झाक."

तिनं उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. मग डाव्यावर ठेवला. पुन्हा उजव्यावर. नळ टपकत होता, तो मी बंद केला.

"याच्यानं सरळ आहे," ती म्हणाली. "अगदी सरळ. तुम्ही चांगली बसवलीत भिंत."

मग ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली. मी शेजारी जमिनीवर बसलो, जमीन ओली होती. म्हणाली, "गिरणीत असते तर किती तागे उगीच नापास केले असते मी." मला रडू आलं. तिला नाही आलं. तिनं माझ्या शर्टाचं खाली लागलेलं बटण चाचपलं आणि म्हणाली, "हे पण माझंच काम ना?"

चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो मी.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी पहिला नंबर लावला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. त्यांनी बायकोच्या हातात एक कागद दिला. चौकटी चौकटींचा, मधे एक ठिपका. आमच्या बाथरूमच्या भिंतीसारखाच. एक डोळा झाकायचा, ठिपक्याकडे बघायचं, रेघा कुठे वाकतात ते सांगायचं. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "ही परीक्षा मी तीनदा देऊन बसलेय."

मग बाहुल्या मोठ्या करायचे थेंब, मग यंत्रापुढे हनुवटी टेकवून फोटो. डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याचा फोटो. डॉक्टरीणबाईंनी तो मलाही दाखवला. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या बारीक शिरा वाढल्या आहेत, त्यांतून पाणी झिरपतं आणि पडदा मधोमध फुगला आहे. मला लगेच समजलं. भिंतीच्या आत ओल शिरली की वरचा गिलावा असाच फुगतो. बाहेरून रंग लावून उपयोग नसतो, झिरपणं थांबवावं लागतं. लेन्सवाल्याचं बोलणंही आठवलं, मागची काच सांभाळायची. मी तेव्हा त्याला लबाड समजलो होतो.

मी विचारलं, "जाईल का डोळा?"

त्या म्हणाल्या, "गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगणार नाही. पण जे आहे ते राखता येईल. सोमवारीच इंजेक्शन देऊ, मग दर महिन्याला बघू." आणि मग विचारलं, "कळलं कसं तुम्हाला? एक डोळा चांगला असला की तो दुसऱ्याच्या दोषावर पांघरूण घालतो. लोक बरेच उशिरा येतात."

मी म्हटलं, "आम्ही लेन्स घेत होतो."

त्यांना काही कळलं नाही. बायको म्हणाली, "यांना स्वस्तातली हवी होती."

इंजेक्शन डोळ्यात देतात हे बाहेर आल्यावर नर्सनं सांगितलं. माझी पाचावर धारण बसली. बायको रस्त्याकडेला उभी राहून मला समजावत होती की बधीर करूनच देतात, दुखत नाही. लोकांना वाटलं असेल, पेशंट मीच.

सोमवार, ३ मार्च

दिलं इंजेक्शन. ती आत होती तोवर मी बाकावर बसून समोरच्या भिंतीच्या टाइल्स बघत होतो. खालून तिसरी ओळ उतरती आहे. एरवी कोणाला तरी सांगितलं असतं.

रिक्षातून येताना ती डोळा मिटून माझ्या खांद्याला टेकली होती. मी विचारलं, भीती वाटते का. म्हणाली, "वाटते. दुसऱ्या डोळ्याची जास्त वाटते."

रविवार, ९ मार्च

लेकीला सगळं सांगितलं. रडली, मग माझ्यावर चिडली, मग कॅमेऱ्याला खोटं ठरवल्याबद्दल पुन्हा चिडली. बरोबर आहे. सुट्टी काढून येणार म्हणते.

दुपारी लेन्सवाल्याकडे गेलो. माफी मागायची तयारी करून गेलो होतो, दारातच सगळी विसरलो. नुसतं म्हटलं, "रेघा सरळच होत्या."

तो म्हणाला, "वहिनी कशा आहेत?"

म्हणजे त्याला त्या दिवशीच शंका आली होती. मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत. तर म्हणाला, "तुम्ही माझी लेन्स परत करायला आला होतात, काका. तुमच्या बायकोची नजर वाईट आहे असं म्हटलं असतं तर तीच लेन्स माझ्या डोक्यात घातली असती."

घातली असती.

पस्तीसची त्यानं खरंच बाजूला ठेवली होती. पाकीट आता औषधपाण्याला लागणार म्हणून आज घेत नाही म्हटलं. तर म्हणाला, न्या, जमेल तसे द्या, ओरखडेवाली कोण घेणार तुमच्याशिवाय. बायकोला विचारायला घरी फोन केला. ती म्हणाली, "घ्या. वाकडी आहे म्हणून मी नापास केली होती ना, मग माझ्यामुळे तिचं लग्न मोडायला नको."

रविवार, ३० मार्च

चौकटींचा कागद आता फ्रीजवर लावलाय. रोज सकाळी चहाआधी ती एकेक डोळा झाकून बघते आणि मी शेजारी उभा असतो. डावा सरळ. उजव्यात बाक अजून आहे, पण कमी झाला म्हणते. मधला डाग आहे तसाच आहे. परवा मंगळवारी दुसरं इंजेक्शन आहे.

आज उजेड चांगला होता. तिला खिडकीशी बसवलं. मी कॅमेरा लावला तर तिनं डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला.

म्हटलं, "हे काय? हात काढ."

"थांबा. या डोळ्यानं तुम्ही किती उरलात ते बघतेय."

"किती उरलोय?"

"सरळ बघितलं तर तुम्हाला तोंडच नाही. नुसता शर्ट आणि कान." तिनं मान जराशी वळवली, नजर माझ्या खांद्यापलीकडे नेली. "असं कानाच्या बाजूला बघितलं की मग तोंड दिसतं. दाढी करा."

आणि हसली. तेव्हा मी बटण दाबलं.

फोटो लेकीला पाठवला. तिचा लगेच निरोप आला, फोटो सुंदर आहे बाबा, पण आईनं डोळा का झाकलाय, आणि कॅमेऱ्याकडे का बघत नाहीये, भलतीकडेच बघतेय, पुन्हा काढा.

मी लिहिलं, पुन्हा काढणार नाही. ती माझ्याकडे बघतेय.